बरणी, ओव्हन आणि पाऊस : तुमचे प्रश्न

मृग लागला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एप्रिल-मेमध्ये सगळे 'कसं करायचं' विचारत असतात आणि जून उजाडला की 'आता ह्याचं काय करायचं'. यंदाही तसंच झालंय, कुणाच्या लोणच्यावर पांढरं आलंय, कुणाच्या चटणीचे खडे झालेत, कुणाची बिस्किटं डब्यात घालेपर्यंत मऊ. सगळी पत्रं एका बैठकीत वाचून काढली तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली, की मीठ निम्मं, तेल नावाला, साखर कमी असल्या रेसिपी लोकांनी फार धरल्यात. तब्येतीला ठीकच आहे हो, पण बरणीतलं मीठ आणि जॅममधली साखर नुसती चवीसाठी नसते, पदार्थातलं पाणी बांधून ठेवणं हे तिचं खरं काम. तिला बाहेर काढलं तर तिच्या जागी कामाला कोण, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. असो, प्रश्नांकडं वळू.

काकू, मे महिन्यात पाच किलो कैरीचं लोणचं घातलं, सगळं सासूबाईंच्या पद्धतीनं, फक्त सासऱ्यांना बीपी आहे म्हणून मीठ निम्मं केलं आणि तेल पण जरा हात राखून घातलं. आता वर पांढरं आलंय. सासूबाई म्हणतात वरचं काढून टाक आणि तेल तापवून ओत, खालचं चांगलंच असतं. टाकून द्यायला जीव होत नाही. काय करू? (कसबा बावडा)

आधी ते पांढरं नक्की काय आहे ते बघा, घाबरून लगेच बादलीत ओतू नका. थोडंसं चमच्यावर घेऊन गरम पाण्यात टाका, विरघळलं तर ते मीठ, खडे मीठ वापरलं की कधीकधी वर असं जमतं, त्याला काही होत नाही. मोहरीच्या डाळीचा चुरा पण वर येऊन पांढुरका दिसतो. पण जर ते कापसासारखं असेल, लव असल्यासारखं, त्यात कुठं हिरवट-काळपट ठिपके असतील आणि वास दमट येत असेल तर ती बुरशी, आणि मग सासूबाईंची माफी मागून सांगते, वरचं काढून भागत नाही. आपल्याला दिसतो तो बुरशीचा वरचा भाग, तिचे धागे खाली फोडींत गेलेले असतात. दुसरं म्हणजे बुरशी लोणच्यातला आंबटपणा खात असते, आणि कैरीचं लोणचं जे टिकतं ते निम्मं त्या आंबटपणावरच टिकतं, तो कमी झाला की दुसऱ्या जंतूंना दार उघडं. वरून गरम तेल ओतलं तर वरचं मरेल, खाली काय चाललंय ते तसंच राहील. तेव्हा बुरशी असेल तर सगळं टाका. पाच किलो म्हणजे वाईट वाटणारच, पण दवाखान्याच्या बिलापेक्षा स्वस्त.

सासूबाईंच्या काळात हे का होत नव्हतं ते पण बघा. एक किलो फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, तेल फोडींच्या वर चांगलं अर्धा इंच उभं, बरणी उन्हात तापवलेली, तोंडाला दादरा, आणि त्या बरणीला हात लावायचा मान घरात एकाच बाईचा. मीठ पाणी बांधायचं, तेल हवा अडवायचं, बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. (तेल स्वतः काही मारत नाही, ते नुसतं झाकण आहे, म्हणून फोड तेलाच्या वर डोकावली की तिथंच पहिली बुरशी धरते.) तुम्ही मीठ पण काढलं आणि तेल पण, म्हणजे दोन्ही राखणदार एकदम रजेवर.

सासऱ्यांसाठी कमी मिठाचं करायचंच असेल तर जरूर करा, पण ते वेगळं, किलोभराचं, काचेच्या बाटलीत घालून सरळ फ्रीजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायचं. त्याला वर्षाच्या बरणीचे नियम लावू नका. बाकीच्यांचं लोणचं जुन्याच मापानं घाला, खाताना एकच फोड खा म्हणजे झालं.

डंकावरून चटणी कांडून आणली, एप्रिलमध्ये लाल भडक होती, आता रंग उतरलाय आणि डब्यात खडे झालेत. मिरची चांगली घेतली होती, ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून. कुठं चुकलं? (शिवाजी पेठ)

मिरचीत चुकलेलं नाही, कांद्यात चुकलंय असं वाटतंय. आपल्या चटणीत सुकं काय आहे ते बघा, मिरची, खोबरं, तीळ, धने-जिरे, गरम मसाला हे सगळं भाजून-तळून कोरडं केलेलं. ओलं कोण, तर कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. ही चार माणसं पाणी घेऊन येतात. कांदा उभा चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवून मग तळला तर कुरकुरीत होतो आणि हातानं चुरला जातो, तो तसा चुरला जाईपर्यंत डंकावर जायचंच नाही. नुसता लालसर तळून, मधे मऊ राहिलेला कांदा गेला की तो चटणीत पाणी सोडत बसतो. कोथिंबीर पण धुतल्यावर पूर्ण सुकली पाहिजे. डंकावरून आणल्यावर चटणी गरम असते, ती तशीच डब्यात कोंबली तर वाफेचं पाणी आत राहतं, परातीत पसरून गार करा आणि मग भरा.

खडे नुसतेच असतील, वास चांगला असेल, तर हातानं फोडून चाळून घ्या आणि छोट्या बाटल्यांत घट्ट दाबून भरा, दाबून म्हणजे खरंच दाबून, आत हवा राहता कामा नये. वर हिंगाचे दोन खडे ठेवायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, ठेवा. पण खड्यांच्या आत पांढरी-हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ऊन दाखवून परत वापरायचा विचार पण करू नका, मिरचीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते लिव्हरला वाईट आणि ते उन्हानं किंवा फोडणीनं जात नाही.

रंगाचं म्हणाल तर तो उजेडानं आणि हवेनं उतरतो. ओट्यावर काचेच्या बाटलीत दिसायला छान दिसते चटणी, पण रंग तिथंच जातो. महिन्यापुरती बाहेर काढा, बाकीची अंधारात नाहीतर फ्रीजरमध्ये. फ्रीजरमध्ये ती दगड होत नाही, सुटीच राहते, आणि पुढच्या मार्चपर्यंत रंग टिकतो. मीठ मात्र भरताना हात राखून घालू नका, ह्या चटणीला ते रेसिपीचा भाग म्हणून लागतंच, भाजीत मग वेगळं मीठ कमी टाका.

माझा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. मटणाचा तांबडा रस्सा करून, उकळता उकळता काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, बरणी परत पाण्यात उकळून घेतली तर म्हणे सहा महिने टिकतो, बाहेरच्या देशात सगळे असं करतात. मला चार बाटल्या पाठवायच्या आहेत. किती वेळ उकळू? (उद्यमनगर)

किती वेळ उकळली तरी नको. हे उत्तर जरा लांब देते कारण ह्या अंकासाठी असेच तीन प्रश्न आलेत, एकीला पांढरा रस्सा भरायचाय, एकाला चिकन सुक्कं.

बाहेरच्या देशात बरण्या भरतात हे खरं, पण तिथं दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि व्हिडिओत त्यांची खिचडी होते. आंबट पदार्थ, म्हणजे फळं, जॅम, व्हिनेगरमधली लोणची, हे उकळत्या पाण्यात बरणी ठेवून सील करतात. मटण, चिकन, भाज्या, डाळी हे आंबट नसलेले पदार्थ, त्यांना उकळतं पाणी पुरत नाही. कारण मातीतून, भाजीतून, मटणातून येणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे, त्याचे बीजाणू (बीजासारखे तग धरणारे कण) पाण्याच्या उकळीला दाद देत नाहीत. ते मारायला १२१ अंश लागतात आणि ते सुद्धा बरणीच्या मधोमध, ठराविक वेळ. आणि गंमत बघा, ह्या जंतूला हवा नको असते. म्हणजे तुम्ही झाकण घट्ट लावून आतली हवा घालवली की त्याच्यासाठी घर तयार करून दिलं. आत तो जे विष तयार करतो त्यानं माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वास सुद्धा बंद पडू शकतो, आणि रस्सा वासाला, चवीला अगदी ठणठणीत असू शकतो. आंबटपणाची रेषा आहे पीएच ४.६ (पीएच जितका कमी तितका पदार्थ आंबट), त्याच्या खाली हा जंतू वाढत नाही, म्हणून कैरी-लिंबाला आपण वाचतो. तांबडा रस्सा त्या रेषेच्या बराच वर आहे, मिरची कितीही घाला.

'मग घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या देऊन करते' असं कुणीतरी म्हणणार. आपला कुकर भात-डाळीसाठी आहे, त्यात बरणी ठेवून आत किती तापमान किती वेळ राहिलं हे कळायचा मार्ग नाही, त्या कामाला मीटर असलेला मोठा वेगळा कॅनर येतो आणि प्रत्येक पदार्थाचा वेळ तपासून ठरवलेला असतो. आपल्या रश्श्याचा असा तपासलेला वेळ माझ्या हातात नाही आणि अंदाजानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता करायचं काय. एक, रस्सा करून लवकर गार करा, मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर नको, उथळ भांड्यात ओतून पंख्याखाली, आणि दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये. पूर्ण दगड झाल्यावर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसकट रात्रीच्या बसनं द्या. पोचल्यावर मधे बर्फ शिल्लक असेल तर लगेच फ्रीजरमध्ये टाकायचा नाहीतर खळखळून उकळून त्याच दिवशी संपवायचा. पूर्ण वितळून कोमट झाला असेल तर टाकून द्यायचा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. चटणी, भाजून कोरडी वाटलेली खसखस-तीळ-खोबऱ्याची पूड, खडा मसाला, हे सगळं सुकं पाठवा. मटण बंगळूरचं घेऊ दे, कांदा-टोमॅटो-आलं-लसूण तिथलं, आणि पहिल्या रविवारी फोनवर तुम्ही समोर बसा. पोराला रस्सा करता आला तर तुमचा पार्सलचा व्याप कायमचा मिटला.

लसूण तेलात बुडवून ठेवला तर टिकतो का? पास्त्यासाठी. (ताराबाई पार्क)

वरचंच उत्तर वाचा, तोच जंतू. लसूण जमिनीखाली वाढतो, आंबट नाही, आणि तेलात हवा नाही. करायचाच तर थोडा करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ओट्यावर ठेवायचा नाही. आपल्या लसणाच्या लोणच्यात लिंबू किंवा व्हिनेगर आणि भरपूर मीठ असतं, ती गोष्ट वेगळी.

काकू, गुळाचा केक करताना तो कायम खाली बसतो आणि कधी कधी साबणासारखा लागतो. मैद्याऐवजी कणीक घेतली, साखरेऐवजी तेवढाच गूळ, बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. (कळंबा)

कोल्हापुरात राहून केकमध्ये साखर घालणारे लोक मला जरा कमनशिबी वाटतात, त्यामुळं तुमचा प्रश्न आला की बरं वाटलं. आपल्या गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण केकसाठी बाजारातला सगळ्यात पिवळाधमक गुळाचा रवा (ढेप) घेऊ नका, रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाचं रसायन मारतात. तांबूस-तपकिरी, जरा चिकट, भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गूळ केकला झकास. गुऱ्हाळं चालू असताना काकवी मिळाली तर एक बाटली धरून ठेवा.

आता केक बसतो का. साखर कोरडी असते, गूळ नसतो, तो स्वतःचं पाणी घेऊन येतो, आणि शिवाय तुम्ही तो विरघळवायला दूध-पाणी वाढवलं असणार. पीठ पातळ झालं की केक फुगतो खरा, पण उभं राहायला आधार नाही म्हणून बसतो. कणकेतला कोंडा पाणी ओढतो पण त्याला वेळ लागतो, म्हणून कणकेचं पीठ भिजवून दहा मिनिटं ठेवा आणि सोडा अगदी शेवटी घाला. साबणाची चव ही जास्त झालेल्या सोड्याची. सोड्याला आंबट जोडीदार लागतो, गूळ थोडासा आंबट असतो पण तेवढ्यावर भागत नाही, दही लागतं. दही नसताना चमचाभर सोडा टाकला की तो तसाच उरतो आणि केक पण लालसर काळा पडतो.

माझं माप असं आहे: कणीक किंवा मैदा १५० ग्रॅम, चिरलेला गूळ १३०, दही १२०, तेल ८०, दूध ६० मिली, सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ. गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, गाळायचाच, चिपाडं निघतात. उकळत्या दुधात गूळ टाकलात तर दूध फाटतं, केकला त्यानं फार बिघडत नाही पण मन बिघडतं. सात इंचाचं भांडं, ओव्हन १८० नको १६५ ठेवा, गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. साधारण चाळीस मिनिटं. काकवी वापरणार असाल तर दूध जवळजवळ बंदच करा.

हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, गूळ ओलावा धरून ठेवतो म्हणून. पावसाळ्यात मात्र तोच ओलावा नडतो, दोन दिवसांच्या वर बाहेर ठेवू नका.

पन्हाळ्याच्या रस्त्यावर करवंदं-जांभळं घेतली, थर्मामीटर लावून जॅम केला, १०५ अंशाला उतरवायचा असं वाचलेलं, तसंच केलं तर गोळी झाली, चमचा वाकतोय. मैत्रिणीनं साखर निम्मी घातली तर तिचा पातळ राहून आठ दिवसांत बुरशी. दोघींना एकदम सांगा. (राजारामपुरी)

तुमचं १०५ हे समुद्रकाठचं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, इथं पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. जॅम पाण्याच्या उकळीच्या साडेचार अंश वर गेला की तयार होतो, म्हणजे आपल्याकडं तो १०२-१०३ लाच झाला, तुम्ही पुढं पाक करत बसलात. आकडा पाठ करू नका, त्या दिवशी आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर बुडवा, जो आकडा येईल त्यात साडेचार मिळवा. थर्मामीटर खोटं दाखवत असेल तर ते पण त्यातच निघून जातं. थर्मामीटर नको असेल तर स्टीलची ताटली फ्रीजरमध्ये ठेवा, थेंब टाकून बोटानं सारा, सुरकुती पडली की गॅस बंद.

मैत्रिणीला सांगा, जॅममध्ये शेवटी साखर पासष्ट टक्क्यांच्या घरात असते म्हणून तो बाहेर टिकतो आणि म्हणूनच तो आवळून येतो. एक किलो गराला पाऊण ते एक किलो साखर आणि एका-दोन लिंबांचा रस. निम्म्या साखरेचा जॅम चांगला लागतो, मलाही आवडतो, पण तो फ्रीजचा जॅम, छोट्या बाटलीत. करवंदांत एक मूठ हिरवी, कच्ची टाका, कच्च्या फळात पेक्टिन जास्त, त्यानं घट्टपणा येतो आणि जास्त आटवावं लागत नाही. (करवंदांचा चीक हाताला लागतो, तेल लावून घ्या.) जांभूळ एकटं नीट आवळत नाही, त्याला करवंदाची सोबत द्या. आणि तुमची गोळी टाकू नका, गरम पाणी आणि लिंबू घालून ढिली करा, पाण्यात घालून प्यायला बरी.

करवंदाच्या सरबताला केएमएस टाकलं तर रंग उडाला! (मंगळवार पेठ)

उडणारच. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, ते लाल-जांभळा रंग खातं. लिंबू, आंबा, अननसाला केएमएस. करवंद, जांभूळ, कोकमाला सोडियम बेंझोएट. सरबताच्या अर्काला लिटरमागं केएमएस ०.६ ग्रॅम, बेंझोएट ०.७ ग्रॅम, त्याच्या वर जाऊ नका. एवढं कमी मोजायला स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही आणि त्यासाठी गुजरीत सराफाकडं पण जायला नको, ६ ग्रॅम केएमएस १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिली एका लिटरला घाला, झालं ०.६. बेंझोएट असेल तर ७ ग्रॅम विरघळवा. उरलेलं पाणी ठेवू नका, फेकून द्या. घरात कुणाला दमा असेल तर केएमएस टाळा, त्यानं त्रास होऊ शकतो. आणि खरं सांगू का, भरपूर साखरेचा अर्क फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर दोन्हीची गरज नाही.

मी रिटायर माणूस हाय. लॉकडाऊनपासून पाव करायचा नाद लागलाय. आता घरच्या खपली गव्हाचा ब्रेड करायचाय, शुगर हाय म्हणून. पण वीट होतीया नुसती. लय मळून बघितलं. (शिरोळ तालुका)

दादा, नाद चांगला लागलाय. खपली मळून मळून उलट बिघडते, साध्या गव्हासारखा तिच्यात चिवटपणा नसतो, जेवढं मळाल तेवढं पीठ सैल आणि चिकट होतं. आपल्याकडं खपलीची खीर करतात ती उगाच नव्हे, तिचा दाणा शिजवून खायलाच छान. ब्रेडमध्ये तीनशे ग्रॅम मैद्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम खपली इथून सुरू करा, पाणी एकदम ओतू नका, मळणं पाच-सात मिनिटांत आवरा, आणि लोफच्या भांड्यातच भाजा म्हणजे त्याला बाजूनं आधार मिळतो. यीस्टचं पाणी हाताला कोमट लागेल एवढंच, चटका बसला तर यीस्ट मेलं. पावसाळ्यात पीठ फुगायला वेळ लागतोय म्हणून यीस्ट वाढवू नका, ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून पीठ आत ठेवा. पूर्ण खपलीचा ब्रेड करायचाच असेल तर तो बसकाच होणार, पातळ काप करून भाजून खा, चवीला एक नंबर.

शुगरचं मात्र डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा, खपली झाली तरी पीठच आहे, आणि मैद्यात मिसळलेली तर आणखीनच. कुणी ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही म्हणून खपली घेत असेल तर घेऊ नका, तिच्यात ग्लुटेन असतंच.

पूर्वी आई नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत भाजून आणायची. आता ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) करते तर पसरून भाकरी होते आणि बूड जळतं. (लक्ष्मीपुरी)

तूप पातळ आहे. थिजलेलं रवाळ तूप घ्या, पिठीसाखरेबरोबर फेसून पांढरं करा, गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गारच ओव्हनमध्ये सारा. मैद्याच्या निम्मं तूप, निम्मी पिठीसाखर, जरासं बेसन. ट्रे मधल्या खणात, त्याच्याखाली दुसरा रिकामा ट्रे, १६५ अंश, वीस मिनिटांच्या आत. वर भेगा पडल्या तर खूश व्हा, त्या पडायलाच पाहिजेत. बाहेर काढताना मऊ असतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात, म्हणून कडक होईपर्यंत भाजत बसायचं नाही.

बेकरीची भट्टी चारी बाजूंनी सारखी तापलेली असायची, त्याची सर ओटीजीला नाही, हे मान्य. अजून कुठली बेकरी ट्रे घेत असेल तर दिवाळीला तिथंच न्या.

बिस्किटं मऊ पडतात. (अनेकजणी)

आपल्या जुलैच्या हवेत पडणारच. १५० अंशाला आठ-दहा मिनिटं परत भाजा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात घाला, तळाला कापडात बांधून मूठभर भाजलेले तांदूळ. केक आणि बिस्किटं एका डब्यात कधीच नको, केकचं पाणी बिस्किट पितं, दोघांचं वाटोळं.

काकू, मी हॉस्टेलवर राहते, छोटा ओटीजी आहे, पावसात लाईट जाते आणि केक अर्धा कच्चा राहतो. काही उपाय? (सायबर चौक)

अगं, पहिलं म्हणजे दार उघडून बघू नकोस. वीस-पंचवीस मिनिटं होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर बराच होतो, लाईट आल्यावर राहिलेला भाज. सुरुवातीलाच गेली तर मात्र भांडं बाहेर काढ आणि जाड कढई गॅसवर तापवून, आत स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर कर. कुकर वापरणार असशील तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, विसरायचं नाही, आणि आत पाणी घालायचं नाही. ढगाळ दिवशी बेकिंग पावडरचा केक कर, सोडा-दह्याचा नको, सोड्याचं पीठ वाट बघत नाही. आणि हॉस्टेलच्या वॉर्डनला आधी विचारलंयस ना?

घरच्या केक-लोणच्याचं मैत्रिणी पैसे देतात. बिझनेस करू का? (जवाहरनगर)

करा, पण एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी आधी, घरातून विकलं तरी ती लागते, ऑनलाईन फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. बाटलीवर कधी केलं आणि कधीपर्यंत खायचं ते लिहा. गुळाच्या वस्तू करणार असाल तर इथंच आपलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे आणि शिवाजी विद्यापीठात फूड सायन्सचा विभाग आहे, जाऊन विचारायला लाजू नका. बाकी छंद विकायला लागलात की रविवार तुमचा राहत नाही, एवढं घरात बोलून घ्या.

मला ह्यातलं काहीच येत नाही, आता सुरुवात करणार आहे. ओटीजी आधी घेऊ की बीटर? बजेट थोडं आहे. (गांधीनगर)

दोन्ही नको, काटा घ्या. डिजिटल, एक ग्रॅम दाखवणारा, बाजारात सहज मिळतो. रेसिपीतला कप, तुमच्या घरची आमटीची वाटी आणि माझी वाटी ह्या तीन वेगळ्या वस्तू आहेत, मैदा दाबून भरला की तोच कप दीडशे ग्रॅमचा होतो आणि अलगद भरला की सव्वाशेच्या आत. लोणच्याचं मीठ, जॅमची साखर, केकचं पीठ, सगळीकडं तोच उपयोगी पडतो. उरलेल्या पैशात एक थर्मामीटर. केक पहिले काही महिने कढईत करा, आणि तेवढ्यानं नाद टिकला तर दिवाळीच्या सेलमध्ये ओटीजी बघा, पंचवीस-तीस लिटरचा, खालचा-वरचा रॉड वेगवेगळा चालू करता येणारा. बीटर सध्या राहू दे, रवीनं अंडं चांगलं फेसतं.